खुब्यातले सिमेंट : चांगले कोणते, हे ठरवायचे कसे?

'आजींचा खुबा बदलला' या वाक्याचे आता कोणाला नवल वाटत नाही. पुण्यात तर बहुतेकांच्या नात्यात किंवा शेजारात अशी एखादी व्यक्ती असतेच. भेटायला गेलेली मंडळी खर्च किती आला, डॉक्टर कोण होते, आता मांडी घालून बसता येईल का, असे सारे काही विचारतात. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवतात, तो तेथे टिकून कसा राहतो?

पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर आहे 'सिमेंटमुळे'. हे सिमेंट अर्थातच घर बांधण्याचे नव्हे. ते एक प्लॅस्टिक आहे; शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी कालवले जाते आणि दहा-बारा मिनिटांत हाडाच्या पोकळीत दगडासारखे घट्ट होते. त्याचे अनेक प्रकार बाजारात मिळतात. त्यांतला चांगला कोणता? प्रश्न साधा दिसतो. बळकटी मोजायची, आकडे शेजारी-शेजारी मांडायचे आणि जास्त आकडा असेल ते सिमेंट निवडायचे, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात हे उत्तर मिळायला कित्येक वर्षे लागली आणि त्यासाठी अनेक रुग्णांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. असे का झाले, ते या लेखात पाहू.

भार किती आणि किती वेळा?

खुबा हा उखळीचा सांधा, हे आपण शाळेत शिकवतो. मांडीच्या हाडाचे गोल डोके कटीच्या हाडातील वाटीत फिरते. दोन्ही पृष्ठभागांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. संधिवाताने ते झिजले, हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते खचले किंवा पडल्यामुळे त्याची मान मोडली, तर चालणे अशक्य होते. मग डोके कापून काढतात. त्या जागी धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बसवतात. हा गोळा एका दांड्यावर असतो आणि तो दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत खोल उतरवतात. वाटीच्या जागी बहुधा पॉलिथिलिनचे अस्तर असलेली नवी वाटी बसवतात.

आता भाराचा विचार करू. ६० किलो वजनाचा माणूस चालतो तेव्हा त्याच्या खुब्यावर ६० किलोचाच भार पडतो, असे वाटेल. पण एका पायावर तोल सावरण्यासाठी कुल्ल्याचे स्नायू जोराने खेचत असतात आणि त्यांची ओढही सांध्यावरच येते. त्यामुळे साध्या चालण्यात हा भार शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, म्हणजे १५० किलोच्या घरात जातो. ठेच लागली तर तो आठ पटींपर्यंत गेल्याचे मोजमापांत आढळले आहे. हिंडता-फिरता माणूस एका पायावर वर्षाला साधारण १० लाख पावले टाकतो. म्हणजे पंधरा वर्षांत दीड कोटी वेळा हा भार येणार आणि जाणार. दांडा आणि हाड यांच्यामधल्या दोन-चार मिलिमीटर जाडीच्या सिमेंटने हे सारे सोसायचे असते.

कवळीचे नातेवाईक

खुब्याच्या आधुनिक शस्त्रक्रियेचे जनक म्हणजे इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली. त्यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. एक घर्षणाची, दुसरी दांडा पक्का बसवण्याची. घर्षण कमी करण्यासाठी त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. टेफ्लॉन निसरडे खरे, पण ते काही वर्षांतच झिजले आणि रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. अखेर नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिलिन वापरायला सुरुवात केली. ते टिकले.

दांडा बसवण्याची अडचण त्याआधीच सुटली होती. मँचेस्टर विद्यापीठातील दंतसाहित्याचे रसायनज्ञ डेनिस स्मिथ यांनी चार्नलींना एक पदार्थ सुचवला, तो म्हणजे दातांची कवळी ज्यापासून करतात ते अ‍ॅक्रिलिक. १९५८ साली चार्नलींनी ते खुब्यात वापरले आणि १९६० साली त्याबद्दल लिहिले. आजही हाडाच्या सिमेंटचा पाया तोच आहे. सदाशिव पेठेतल्या एखाद्या दंतवैद्याकडची गुलाबी कवळी, दुकानावरची चकचकीत अ‍ॅक्रिलिकची पाटी आणि आजींच्या खुब्यातले सिमेंट, ही एकाच कुळातली भावंडे आहेत. कुळाचे नाव पॉलिमेथिल मेथाक्रिलेट.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. हे सिमेंट चिकटत नाही. ते गोंद नव्हे. दाराची चौकट बसवताना भिंतीतल्या खाचेत होल्डफास्टची लोखंडी पट्टी घालून गवंडी भोवती काँक्रीट भरतो. काँक्रीट भिंतीच्या खाचाखोचांत शिरते आणि घट्ट झाले की पट्टी हलू शकत नाही. हाडाच्या सिमेंटचे काम असेच असते. हाडाच्या आतल्या बाजूला स्पंजासारखे सच्छिद्र हाड असते. मऊ असताना सिमेंट दाबले की ते त्या छिद्रांत दोन-तीन मिलिमीटर शिरते आणि तेथेच कठीण होते. ही पकड सिमेंटइतकीच सिमेंट भरणाऱ्या हातांवर अवलंबून असते. हा मुद्दा लक्षात ठेवू, कारण पुढे तो लागणार आहे.

एक पूड, एक द्रव

सिमेंटच्या खोक्यात दोन गोष्टी असतात. पाकिटात सुमारे ४० ग्रॅम पूड आणि काचेच्या कुपीत सुमारे २० मिलिलिटर द्रव. पूड म्हणजे आधीच तयार असलेल्या बहुवारिकाचे, म्हणजेच पॉलिमरचे, बारीक गोल मणी. त्यात थोडे बेंझॉइल पेरॉक्साइड असते. शिवाय बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड असते, कारण नुसते अ‍ॅक्रिलिक क्ष-किरणांना पारदर्शक असल्याने फोटोत दिसतच नाही. द्रव म्हणजे मेथिल मेथाक्रिलेट हे एकवारिक. त्यात दोन टक्क्यांच्या आसपास एक अमाइन असते आणि कुपीतच ते गोठू नये म्हणून किंचित हायड्रोक्विनोन.

दोन्ही एकत्र केले की अमाइन पेरॉक्साइडला फोडते. त्यातून मुक्त मूलके तयार होतात आणि एकवारिकाचे रेणू एकमेकांचे हात धरून लांबलचक साखळ्या बनवू लागतात. बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही. उलट क्रियेतूनच ती बाहेर पडते. किती? हा हिशेब अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल. मेथिल मेथाक्रिलेटचा रेणुभार १००. २० मिलिलिटर द्रवाचे वस्तुमान सुमारे १९ ग्रॅम, म्हणजे ०.१९ मोल. एका मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता सुटते. म्हणजे एकूण सुमारे ११ किलोज्यूल. एवढ्या उष्णतेने फुलपात्रभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी १३ अंशांनी तापेल. पण येथे तापायला फुलपात्रभर पाणी नसते, ६० ग्रॅमचा एक गोळा असतो. त्यामुळे प्रयोगशाळेत असा गोळा ७० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला आढळतो.

हाडाच्या पेशींना ४७ अंशांवर मिनिटभरातच इजा होऊ शकते, असे १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. मग खुब्यातले हाड भाजत कसे नाही? कारण तेथे गोळा नसतो, पातळ थर असतो. एका बाजूचा धातू आणि दुसऱ्या बाजूचे रक्त उष्णता ओढून घेतात. त्यामुळे हाडालगतचे तापमान प्रयोगशाळेतल्या गोळ्यापेक्षा पुष्कळच कमी राहते. तरीही ही उष्णता संशोधकांच्या डोळ्यांत खुपत राहिली. तिची गोष्ट पुढे येणार आहे.

दुसरा हिशेब आकुंचनाचा. एकवारिकाची घनता ०.९४ आणि बहुवारिकाची १.१८. म्हणजे नुसता द्रव गोठवला तर त्याचे आकारमान सुमारे २० टक्क्यांनी घटेल. एवढे आकुंचन झाले तर दांड्याभोवती फट पडेल. म्हणून दोन भाग आधीच तयार बहुवारिक आणि एक भाग द्रव अशी युक्ती केली आहे. त्यामुळे आकुंचन सात-आठ टक्क्यांवर येते आणि उष्णताही आटोक्यात राहते. पूड हा नुसता भराव नाही, ती या पाककृतीचा प्राण आहे.

तुलना : नावे आणि गुण

जगभर दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या सिमेंटांपैकी तीन नावे शल्यविशारदांच्या तोंडी नेहमी असतात.

सिम्प्लेक्स पी. याच्या पुडीत मेथिल मेथाक्रिलेट आणि स्टायरिन यांचे सहबहुवारिक मुख्य असते. क्ष-किरणांसाठी सुमारे १० टक्के बेरियम सल्फेट. याची श्यानता मध्यम, म्हणजे ते सुरुवातीला काहीसे सैल असते आणि मग कणकेसारखे होते.

पॅलॅकॉस आर. यात मेथिल मेथाक्रिलेट आणि मेथिल अ‍ॅक्रिलेट यांचे सहबहुवारिक आणि सुमारे १५ टक्के झिर्कोनियम डायऑक्साइड. श्यानता जास्त. हे हिरवे दिसते, कारण त्यात हरितद्रव्य घातलेले असते. पांढऱ्या हाडावर हिरवे सिमेंट चटकन ओळखू येते, विशेषतः पुढे कधी ते काढायची वेळ आली तर.

सीएमडब्ल्यू. यात क्रमांक १ जास्त श्यानतेचे आणि क्रमांक ३ कमी श्यानतेचे. दोन्हींत बेरियम सल्फेट असते.

श्यानतेला एवढे महत्त्व का? सैल सिमेंट हाडाच्या छिद्रांत सहज शिरेल, म्हणून तेच चांगले, असा तर्क कोणीही करील. एके काळी तज्ज्ञांनीही केला. पण शस्त्रक्रियेच्या वेळी हाडातून रक्त पाझरत असते. सैल सिमेंटला ते मागे ढकलते, त्यात मिसळते आणि थरात कमकुवत जागा राहतात. घट्ट सिमेंट रक्ताला मागे सारू शकते.

सिमेंट कालवल्यावर चार अवस्था येतात : कालवणे, हाताला चिकटण्याचा काळ, कामाचा काळ आणि घट्ट होण्याचा काळ. कामाचा काळ अवघा काही मिनिटांचा. येथे आपल्या हवेचा प्रश्न येतो. रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. गरम खोलीत ठेवलेले खोके थेट शस्त्रक्रियागृहात आणून कालवले, तर कामाची मिनिटे झपाट्याने कमी होतील. म्हणून सिमेंट ठरावीक तापमानाला साठवतात आणि शस्त्रक्रियागृहही थंड ठेवतात. वेष्टनातल्या पत्रकावर तापमान आणि वेळ यांचा आलेख छापलेला असतो. आपण विद्यार्थ्यांना शिकवतो त्या अभिक्रिया-वेगाच्या आलेखाचाच हा एक उपयोग.

प्रयोगशाळेची परीक्षा

हाडाच्या सिमेंटसाठी आयएसओ ५८३३ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार दाब सोसण्याची शक्ती किमान ७० मेगापास्कल हवी, वाकवताना मोडण्याची मर्यादा किमान ५० मेगापास्कल हवी आणि वाकवतानाचा लवचिकता गुणांक किमान १८०० मेगापास्कल हवा. घट्ट होण्याचा काळ आणि जास्तीत जास्त तापमान यांनाही मर्यादा घातल्या आहेत. वरील सिमेंटे ही परीक्षा उत्तीर्ण होतात आणि त्यांच्या गुणांत फार मोठा फरक नसतो.

पण या परीक्षेत काय विचारलेले नाही, तेही पाहायला हवे. नमुना एकदाच दाबून मोडतात. खुब्यात मात्र भार कोट्यवधी वेळा येतो. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. हा पदार्थांचा थकवा. सिमेंटमध्ये कालवताना हवेचे बुडबुडे अडकतात. थकव्याच्या चिरा या बुडबुड्यांपासून किंवा बेरियम सल्फेटच्या गुठळ्यांपासून सुरू होतात. शिवाय खुब्यातले सिमेंट ३७ अंशांवर आणि सतत ओल्यात असते. अशा स्थितीत ते अतिशय सावकाश, वर्षानुवर्षे, किंचित सरकत राहते.

हे सरकणे वाईटच, असेही नाही. इंग्लंडमधील एक्सेटर येथे रॉबिन लिंग आणि क्लाइव्ह ली यांनी १९७० साली एक गुळगुळीत, खाली निमुळता होत जाणारा दांडा तयार केला. तो सिमेंटमध्ये एखाद-दुसरा मिलिमीटर खाली उतरतो आणि पाचरीसारखा अधिक घट्ट बसतो. पुढे सिमेंटची पकड वाढावी म्हणून त्याचा पृष्ठभाग खरखरीत केला गेला. तर्क बिनचूक वाटत होता. पण खरखरीत दांडे जास्त प्रमाणात सैलावले आणि निर्मात्यांना पुन्हा गुळगुळीत दांड्याकडे वळावे लागले. म्हणजे सिमेंट चांगले की वाईट, हे ते कोणत्या दांड्याभोवती आहे यावरही ठरते.

बोनलॉकचा धडा

आता त्या उष्णतेची गोष्ट. १९९१ च्या सुमारास युरोपात बोनलॉक नावाचे नवे सिमेंट आले. जुन्या सिमेंटांचे जे दोष डोळ्यांत भरत होते, ते त्यात कमी केले होते. ते घट्ट होताना कमी तापे आणि त्यातून न जोडलेले एकवारिक कमी झिरपे. हे साधण्यासाठी त्यात लांब शेपटीची आणि अवजड गटांची मेथाक्रिलेटे घातली होती. कागदावर ही सुधारणाच होती आणि ते अनेक रुग्णालयांत वापरले जाऊ लागले.

बहुवारिकांवर काम करणाऱ्या आम्हा मंडळींना यातली मेख कळायला कठीण नाही. साखळीला लांब शेपट्या लावल्या की शेजारच्या साखळ्या एकमेकींपासून दूर राहतात आणि पदार्थ मऊ होतो. बोनलॉकची बळकटी आणि ताठरपणा जुन्या सिमेंटांपेक्षा कमी होता. एक दोष घालवताना दुसरा गुण हातचा गेला होता.

हे उघड झाले दोन वाटांनी. स्वीडनमध्ये ३० रुग्णांवर एक काटेकोर अभ्यास झाला. हाडात आणि रोपणात टाचणीच्या टोकाएवढे धातूचे मणी बसवून, दोन दिशांनी एकाच वेळी क्ष-किरण फोटो काढून, दांडा मिलिमीटरच्या काही दशांशांनी हलला तरी मोजता येतो. गोरान सेल्विक यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत. तिच्यात बोनलॉकमधले रोपण सुरुवातीपासूनच जास्त हलताना दिसले. दुसरी वाट नॉर्वेच्या राष्ट्रीय सांधेरोपण नोंदवहीची. १९८७ साली सुरू झालेल्या या नोंदवहीत प्रत्येक शस्त्रक्रियेत कोणता दांडा, कोणती वाटी, कोणते सिमेंट वापरले ते लिहिले जाते. पुढे तोच सांधा पुन्हा उघडावा लागला, तर तेही लिहिले जाते. १९९५ साली या नोंदवहीतील ८५७९ चार्नली रोपणांची पाहणी प्रसिद्ध झाली. रोपण सगळ्यांत सारखेच, फरक होता सिमेंटचा. कमी श्यानतेच्या सिमेंटमधले दांडे घट्ट सिमेंटमधल्या दांड्यांपेक्षा जास्त सैलावले होते आणि बोनलॉकमध्ये तर हे प्रमाण कित्येक पटींनी अधिक होते. त्याच वर्षी बोनलॉक बाजारातून मागे घेतले गेले.

येथे एक गोष्ट नीट पाहू. एका शल्यविशारदाने पाच-पंचवीस रुग्णांत बोनलॉक वापरले असते आणि त्यांतले तीन-चार दांडे सैल झाले असते, तर 'हाड ठिसूळ होते', 'वजन जास्त होते', 'माझा हात चुकला असेल' अशी कारणे त्याला सुचली असती. हजारो नोंदी एकत्र आल्या तेव्हाच सिमेंटचा दोष बाकीच्या कारणांपासून वेगळा दिसला.

हात आणि हत्यार

नोंदवह्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. स्वीडनमध्ये खुब्याची राष्ट्रीय नोंदवही १९७९ पासून आहे. त्या काळात सिमेंट भरण्याच्या पद्धती बदलत गेल्या. आधी कणकेसारखा गोळा करून बोटांनी पोकळीत दाबत. मग पोकळीच्या तळाशी बूच बसवणे, हाड पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणे आणि पिचकारीसारख्या साधनाने सिमेंट तळापासून वर भरत आणणे सुरू झाले. पुढे बुडबुडे काढण्यासाठी निर्वातात कालवणे आणि वरून दाब देणे आले. जसजशा या पद्धती रुळल्या, तसतशी सैलावल्यामुळे करावी लागणारी दुसरी शस्त्रक्रिया कमी होत गेली. पॅलॅकॉस आणि सिम्प्लेक्स या दोन्ही सिमेंटांच्या दीर्घकाळच्या नोंदी चांगल्या आहेत. अशा दोन चांगल्या सिमेंटांतला फरक नीट धुतलेले हाड आणि न धुतलेले हाड यांतल्या फरकापुढे लहान ठरतो. दाब देताना मात्र मज्जेतील चरबीचे कण रक्तात जाऊन रक्तदाब एकदम उतरण्याचा धोका असतो, म्हणून त्या क्षणी भूलतज्ज्ञ विशेष सावध असतात.

सिमेंटचे आणखी एक काम १९७० च्या सुमारास पुढे आले. हँबुर्गचे बुखहोल्त्स यांनी पुडीतच जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळले. ते उष्णतेने बिघडत नाही आणि पाण्यात विरघळते, म्हणून सिमेंटच्या पृष्ठभागातून सावकाश बाहेर येऊन जंतूंना आवर घालते. नॉर्वेच्या नोंदींत शिरेतून आणि सिमेंटमधून असे दोन्ही मार्गांनी प्रतिजैविक दिलेल्या रुग्णांचे निकाल सर्वांत चांगले आढळले. मात्र फार मिसळले तर सिमेंट कमकुवत होते. येथेही एक साधताना दुसरे सांभाळावे लागतेच.

आपल्याकडे काय?

भारतात खुबा बदलावा लागणाऱ्यांत तरुण रुग्ण बरेच असतात. हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटणे हे त्यांच्यातले मोठे कारण. अशा रुग्णांत बहुधा सिमेंटविना बसणारा, खडबडीत पृष्ठभागाचा दांडा वापरतात. हाडच वाढून त्याला पकडते. वृद्धांच्या मोडलेल्या खुब्यात मात्र सिमेंटचे पारडे जड आहे. ब्रिटनमध्ये साठ वर्षांवरील १२२५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, खुब्याची मान मोडल्यावर अर्धा सांधा बदलताना सिमेंट वापरलेल्या रुग्णांचे जीवनमान अधिक चांगले राहिले आणि रोपणाभोवतीचे हाड मोडण्याचा धोका कमी झाला. म्हणजे 'सिमेंट की बिनसिमेंट' याचेही उत्तर रुग्ण पाहूनच द्यावे लागते.

सांध्यांच्या शस्त्रक्रियेत पुण्याचे नाव जुने आहे. डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांसाठी 'इंडस' हा कमी खर्चाचा कृत्रिम गुडघा तयार केला. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिकांवर दीर्घकाळ संशोधन चालू आहे. म्हणजे शस्त्रक्रियेचे कसब आहे आणि पदार्थविज्ञानही आहे. उणीव आहे ती नोंदींची. खुबा आणि गुडघा यांच्या शल्यविशारदांच्या भारतीय संघटनेने २००६ साली नोंदवही सुरू केली, पण तीत माहिती देणे ऐच्छिक आहे.

या उणिवेची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. धातूवर धातू घासणारा एएसआर नावाचा कृत्रिम खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचे दोष आधीच दिसले होते. भारतात तो सुमारे ४७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता, पण त्यांतल्या बहुतेक रुग्णांचा ठावठिकाणाच लागेना. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी कारवाई सुरू केली आणि पुढे केंद्र सरकारने समितीही नेमली. तेथे दोष सिमेंटचा नव्हता. पण ज्याच्या शरीरात काय बसवले आहे याची नोंद नाही, त्याला धोक्याची सूचना तरी कशी पोहोचणार?

वर्गात करून पाहण्यासाठी

हाडाचे सिमेंट किंवा कवळीचे द्रव शाळेत आणू नये. त्यांची वाफ हानिकारक आणि ज्वालाग्राही असते. पण प्लास्टर ऑफ पॅरिस वापरून यातल्या बऱ्याच कल्पना पाहता येतात.

१. दोन भाग पूड आणि एक भाग पाणी कालवा. अर्धे मिश्रण कागदी पेल्यात ठेवा, अर्धे स्टीलच्या ताटलीत अर्धा सेंटिमीटर जाड पसरा. तापमापीचा फुगा पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोन्हीकडे दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा. गोळा आणि थर यांतला फरक दिसेल.

२. बर्फाचे, नळाचे आणि कोमट पाणी घेऊन तीन मिश्रणे करा. आगकाडी टोचून ती आत जायची केव्हा थांबते, ती वेळ लिहा.

३. एक मिश्रण हलक्या हाताने ढवळून आणि भांडे आपटून बुडबुडे काढून, तर दुसरे जोरात घुसळून करा. एकाच साच्यातून दोन्हींच्या पाच-पाच कांड्या पाडा. दोन दिवस वाळू द्या. मग दोन्ही टोके टेकवून मधोमध वजने टांगा. कांडी किती वजनाला मोडते ते लिहा. पाचही आकडे सारखे येणार नाहीत. दोन गटांत खरेच फरक आहे, असे म्हणायला पाच कांड्या पुरतात का, यावर वर्गात चर्चा करा. चर्चा रंगली तर नॉर्वेच्या नोंदवहीची गोष्ट सांगायला तीच वेळ योग्य.

सावधगिरी : ओल्या प्लास्टरमध्ये बोटे रोवून ठेवू नयेत, जाड गोळा चटका देण्याइतका तापू शकतो. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये.

आणि घरच्यांसाठी एक सूचना. रोपण आणि सिमेंट यांच्या वेष्टनावर नाव, गट क्रमांक आणि मुदतीची तारीख असलेल्या चिकटपट्ट्या असतात. त्या रुग्णाच्या कागदपत्रांवर लावल्या आहेत का, ते घरी जाण्यापूर्वी विचारावे. त्यांची प्रत काढून रेशनकार्ड आणि विम्याच्या कागदांइतकीच जपून ठेवावी. पंधरा वर्षांनी खुबा दुखू लागला, तर समोरच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न 'आत काय बसवले आहे?' हाच असेल.